आठवणीतले जेवण आणि ताटातले जेवण

आहाराविषयी या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत "काय खावे?" असा प्रश्न असतो, "मी नेमके काय खातो?" असे स्वतःला विचारून मग लिहिलेली पत्रे त्या मानाने थोडी येतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळे या वेळी अशीच काही पत्रे निवडली आहेत, ज्यांच्या लेखकांनी स्वतःच्या ताटाकडे जरा निरखून पाहिले आहे किंवा निदान तशी तयारी दाखवली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची ओळख दिलेली नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांसारखे आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी येथील कोणताही सल्ला आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज अमलात आणू नये.

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे आहे आणि काम बैठे आहे. दिवसातून दोन वेळा जेवतो आणि दोन्ही वेळा घरातल्या इतरांपेक्षा कमीच जेवतो. गोडाची फारशी आवड नाही. तरीही गेल्या चार वर्षांत माझे वजन ८ किलोंनी वाढले. थायरॉइडसह सगळ्या तपासण्या करून घेतल्या, त्यांत काहीच निघाले नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "खाण्याकडे लक्ष द्या." खरे सांगायचे तर मला ते लागले. जो माणूस मुळातच कमी खातो, त्याने आणखी कशाकडे लक्ष द्यायचे?

उत्तर : तुम्ही खोटे बोलत आहात असे डॉक्टरांना म्हणायचे नसावे आणि मलाही तसे म्हणायचे नाही. तुमच्या पत्रात मात्र एक शब्द सारखा येतो, तो म्हणजे "जेवतो". जेवण आपल्या लक्षात राहते, कारण त्याला वेळ असते, जागा असते, ताट असते. जाता येता तोंडात टाकलेले, चव पाहण्यासाठी घेतलेले, कोणीतरी पुढे केले म्हणून उचललेले आणि पेल्यातून प्यायलेले मात्र आपण जेवणाच्या हिशेबात धरत नाही. शरीराच्या हिशेबात ते सगळे धरले जाते.

हा दोष एकट्या तुमचा नाही. माणसाची ऊर्जा किती खर्च होते हे मोजण्याची एक अतिशय भरवशाची पद्धत आहे. त्या व्यक्तीला हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या थोड्या जड अणूंनी बनलेले पाणी पाजतात. हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबरच श्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. या दोहोंच्या बाहेर पडण्याच्या वेगातील फरकावरून शरीराने किती इंधन जाळले ते काढता येते. या पद्धतीने केलेल्या मोजणीशी लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या आहाराच्या नोंदी जेव्हा ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा बहुतेक नोंदी प्रत्यक्षापेक्षा कमी भरल्या. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास तर जणू तुमच्याच प्रश्नावर होता. दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या दहा जणांची त्यात तपासणी झाली. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च अपेक्षेप्रमाणेच होता. फरक नोंदीत होता. आपण जेवढे खातो त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खातो असे त्यांनी सांगितले होते आणि आपल्या हालचालींचा अंदाज सरासरी ५१ टक्क्यांनी वाढवून दिला होता. त्यांना कोणाला फसवायचे नव्हते, कारण उपाय सापडावा म्हणूनच तर ते तेथे आले होते.

आता तुमच्या ८ किलोंकडे वळू. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात असे धरले, तर वर्षाला दोन किलो म्हणजे १५,४०० कॅलरी आणि दिवसाला सुमारे ४२ कॅलरी होतात. वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून जास्त असणार आणि हे गणित काटेकोर मानू नये. पण त्यावरून फरकाचा आकार तरी ध्यानात येतो. सुरुवात एखाद्या गोड बिस्किटाइतक्या किंवा एका छोट्या चमचाभर तेलाइतक्या फरकाने होऊ शकते. इतका लहान फरक डोळ्यांना दिसत नाही, मग तो आठवणीत कुठून राहणार? तुम्हाला गोड आवडत नाही हे मान्य आहे, पण दिवसातून चार कप चहा घेत असाल आणि प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर असेल, तर ती ३२ ग्रॅम साखर झाली, म्हणजे जवळपास १३० कॅलरी. चहाला आपण गोड पदार्थ म्हणत नाही, एवढेच.

म्हणून माझी विनंती अशी आहे की सध्या खाण्यात काहीही बदल करू नका. सात दिवस फक्त लिहा. त्या सात दिवसांत सुट्टीचे दिवस आलेच पाहिजेत, कारण कामाच्या दिवसांचे खाणे आणि सुट्टीचे खाणे ही पुष्कळदा दोन वेगळ्या माणसांची वाटावीत इतकी निराळी असतात. रात्री झोपताना आठवून लिहू नका. खाल्ल्याबरोबर, जमल्यास खाण्याआधीच लिहा. वेळ, पदार्थ, अंदाजे प्रमाण, कुठे बसून आणि कोणाबरोबर खाल्ले, आणि खाताना भूक किती होती, एवढे पुरे आहे. भुकेला शून्य ते पाच असा आकडा द्या. कॅलरी लिहू नका, कारण आकडे दिसू लागले की माणूस नोंद बाजूला ठेवून परीक्षा देऊ लागतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळेच शहाण्यासारखे वागतात.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशी वही ठेवली होती. इतरांना आहाराचे सल्ले देणाऱ्या माझ्या वहीत पहिल्या चार दिवसांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द "उरलेले" हा होता. मुलांच्या ताटात उरलेले, पातेल्याच्या तळाशी उरलेले, डब्यात उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून संपवलेले. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीसमोर भुकेचा आकडा शून्य होता. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगलीच आहे, पण माझे पोट ही ते ठेवण्याची जागा नव्हती. रात्रीचा स्वयंपाक जरासा कमी करणे हा त्यावरचा उपाय होता आणि वही पाहीपर्यंत तो मला सुचला नव्हता.

आठवडा संपला की वही शांतपणे वाचा. भूक शून्य किंवा एक असताना खाल्लेले कोणते, ते आधी पाहा. मग पेयांकडे पाहा. नंतर दोन खाण्यांमधली अंतरे तपासा, कारण दुपारचे जेवण टाळले त्या दिवशी संध्याकाळी काय झाले हे तेथे स्पष्ट दिसते. शेवटी, काय आले नाही तेही शोधा. सात दिवसांत फळ किती वेळा आले, पालेभाजी किती वेळा, डाळी आणि कडधान्ये किती वेळा, हे रिकामे रकाने भरलेल्या रकान्यांइतकेच बोलके असतात. एवढे करूनही नोंदीत काही सापडले नाही, तर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. काही औषधांनी आणि सततच्या अपुऱ्या झोपेनेही वजन वाढते, आणि वही हातात असली की डॉक्टरांनाही त्या दिशेने विचार करणे सोपे जाते.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. संतुलित आहाराबद्दल वाचू लागल्यापासून मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्रत्येक जेवणातली प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे नोंदवते. एखाद्या जेवणात काही कमी पडले की दिवसभर चुटपुट लागते. मी शाकाहारी आहे आणि वनस्पतींतली प्रथिने "अपूर्ण" असतात असे वाचल्यापासून तर डाळ आणि धान्य एकाच घासात आले पाहिजे की काय, असे वाटू लागले आहे. संतुलन नेमके कशाला म्हणायचे?

उत्तर : तुमची वही आधीच्या पत्रलेखकाला द्यावी आणि त्यांची बेफिकिरी थोडी तुम्हाला, असा मोह मला होतो आहे.

संतुलन हा एका ताटाचा गुण नाही. तो काही दिवसांच्या, फार तर आठवड्याभराच्या खाण्याचा गुण आहे, आणि याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. शरीर प्रत्येक पोषकद्रव्य वेगवेगळ्या मुदतीसाठी साठवून ठेवते. ब-१२ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा काही वर्षे पुरू शकतो. अ जीवनसत्त्वाचा साठा महिनोन् महिने टिकतो. क जीवनसत्त्वाचा साठा लहान असतो, तरी ते पूर्णपणे बंद झाल्यावर स्कर्व्हीची लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना हा रोग होई तो यामुळेच. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. क जीवनसत्त्व हे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. आज दुपारच्या जेवणात लिंबू नव्हते म्हणून तुमच्या शरीरात काहीही बिघडत नाही.

प्रथिनांबद्दलची तुमची माहिती अर्धी बरोबर आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन हे धान्यांत कमी असते आणि डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. पण त्यासाठी ती एकाच घासात, एकाच ताटात येण्याची गरज नाही. शरीरात अमिनो आम्लांची उलाढाल सतत चालू असते आणि दिवसभरात दोन्ही प्रकार पोटात गेले की काम भागते. प्रमाणाचे म्हणाल, तर निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, म्हणजे ५५ किलो वजनाला साधारण ४६ ग्रॅम. डाळी, कडधान्ये, दूध, दही, शेंगदाणे आणि धान्ये यांचे खाणे पोटभर असेल, तर शाकाहारी व्यक्तीला हा आकडा गाठणे अवघड नाही.

शाकाहारी व्यक्तीने खरी काळजी ब-१२ आणि लोह यांची घ्यावी. ब-१२ नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिज पदार्थांत मिळते, म्हणून दूध-दही फारसे घेत नसाल तर रक्ताची तपासणी करून घ्या आणि लागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. साठा वर्षानुवर्षे पुरतो हा दिलासा जसा आहे तसाच धोकाही आहे, कारण कमतरता दबक्या पावलांनी येते आणि कळेपर्यंत मज्जातंतूंना इजा होऊ शकते. वनस्पतींतले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले काही, म्हणजे लिंबू, टोमॅटो, पेरू किंवा संत्रे असले तर शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेतली तर घटते. एकाच वेळी एकत्र खाण्याला खरोखर अर्थ आहे अशी ही जागा आहे, आणि तुमच्या ॲपमध्ये बहुधा तिचा रकानाच नसेल. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

ॲप काढून टाका असे मी म्हणणार नाही, पण निदान महिनाभर ते बंद ठेवा आणि डोळ्यांनी मापता येईल असा एकच नियम पाळा. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळे, पाव भाग शक्यतो कोंड्यासकट असलेली धान्ये आणि उरलेला पाव भाग डाळी, कडधान्ये, दुधाचे पदार्थ किंवा, खात असणाऱ्यांसाठी, अंडी, मासे अशी प्रथिने. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०११ मध्ये साधारण असेच ताट सुचवले होते. आकडेच हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचे चार आकडे लक्षात ठेवा : दिवसाला भाज्या आणि फळे मिळून किमान ४०० ग्रॅम, तंतू किमान २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमपर्यंत, आणि जमले तर त्याच्या निम्मी. बटाटे या ४०० ग्रॅममध्ये धरत नाहीत, हे सांगितले की बरेच जण हिरमुसतात.

दिवसभर लागणाऱ्या चुटपुटीबद्दल मात्र थोडे गंभीरपणे लिहिते. अन्नाच्या शुद्धतेची किंवा अचूकतेची काळजी एवढी वाढली की बाहेर कोणाकडे जेवणे नकोसे व्हावे, एखादे जेवण चुकल्यास स्वतःचा राग यावा, तर तो आहाराचा प्रश्न उरत नाही. महिनाभर ॲप बंद ठेवणे तुम्हाला जमलेच नाही, तर समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : साखर सोडून मध आणि ताज्या फळांचा रस घ्यायला लागलो आहे. हे योग्य आहे ना?

उत्तर : चव बदलली, हिशेब फारसा बदलला नाही. मधातील आणि रसातील साखर ही जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात जाते. फळ चावून खाल्ले तर ती त्या खात्यात जात नाही, कारण तेथे साखर फळाच्या पेशींत बंदिस्त असते, बरोबर तंतू असतात आणि एका पेल्यात तीन संत्र्यांचा रस सहज मावतो तशी सलग तीन संत्री आपण सहसा खात नाही. संत्रे सोला आणि खा.

प्रश्न : दिवसभर मी अतिशय शिस्तीत असते. सकाळी फक्त कॉफी, दुपारी एक वाटी काहीतरी हलके. पण रात्री दहानंतर, घर शांत झाले की, मी स्वयंपाकघरातले कपाट उघडते आणि पाकिटातले खारे, कुरकुरीत, गोड, जे हाती लागेल ते खाते. भूक असते असेही नाही. सकाळी स्वतःची लाज वाटते आणि मग नाश्ता टाळून मी त्याची भरपाई करते. वय ३४. माझ्यात संयम नाही, हे मी आता स्वीकारले आहे.

उत्तर : तुम्ही ते स्वीकारले असले तरी मला ते पटलेले नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही जेवढा संयम पाळता तेवढा बहुतेक माणसांना पाळता येणार नाही. माझ्या मते रात्रीच्या खाण्याचे मूळ त्या अतिसंयमात आहे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांच्या मार्गदर्शनाखाली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे शोधणे हा त्याचा हेतू होता आणि ते तरुण स्वेच्छेने त्यात आले होते. त्यांचे वजन साधारण पाव हिश्श्याने घटले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते त्यांचे मन. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटे चाटू लागले, आणि प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यातील काहींना कितीही खाल्ले तरी समाधान वाटत नव्हते. यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नव्हता. तुमचे दिवसाचे अर्धपोटी राहणे त्या मानाने सौम्य आहे, पण दिशा तीच आहे. दिवसभर दाबून ठेवलेली भूक रात्री येते तेव्हा ती "भूक" म्हणून येत नाही. ती "काहीतरी हवे आहे" म्हणून येते.

त्यात तुमच्या कपाटातल्या पाकिटांची भर पडते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले अन्न दिले. समोर ठेवलेल्या जेवणांतील कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण दोन्ही वेळा सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या पंधरवड्यात तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, जास्त वेगाने खात होती आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोंनी वाढले. दुसऱ्या पंधरवड्यात ते जवळपास तेवढेच उतरले. माणसे तीच होती आणि त्यांचा संयमही तोच होता. तुमच्या कपाटात खारे आणि गोड दोन्ही आहे, हेही महत्त्वाचे आहे. एकाच चवीचा कंटाळा येतो आणि हात थांबतो, पण चव बदलली की तो पुन्हा चालू लागतो. जेवण झाल्यावरही गोडासाठी जागा असते, ती याच कारणाने.

तर मग उलट्या टोकाने सुरुवात करा. रात्रीला हात लावू नका, सकाळ बदला. नाश्ता, आणि तोही अंडी, दूध, दही, डाळी किंवा दाणे यांपैकी काहीतरी असलेला नाश्ता, आदल्या रात्री काहीही झाले असले तरी टाळायचा नाही. भरपाई करायची नाही. दुपारी "काहीतरी हलके" याऐवजी नीट जेवायचे. हे पंधरा दिवस करून पाहा आणि रात्री काय होते ते केवळ नोंदवा. पाकिटे घरात आणू नका असे सांगणे सोपे आहे, पण घरात इतर माणसे असतील तर ते चालत नाही. निदान ती डोळ्यांसमोरून हलवून उंच फळीवर, अपारदर्शक डब्यात ठेवा आणि खायची झाली तर पाकिटातून न खाता वाटीत काढून, बसून खा. लहानशा अडथळ्यांचा उपयोग आपल्याला वाटतो त्याहून अधिक होतो.

किती दिवसांत सवय बदलेल, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. २१ दिवसांचा आकडा सर्वत्र फिरतो, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ ६६ दिवसांचा होता, आणि व्यक्तीनुसार तो १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणजे एखाद्या रात्री कपाट उघडले गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करायचा, एवढेच.

रात्रीच्या खाण्यावर आपला ताबाच राहत नाही, पोट दुखेपर्यंत खाल्ले जाते, खाल्लेले उलटून टाकावेसे वाटते, असे काही होत असेल आणि पत्रात लिहिणे अवघड वाटले असेल, तर कृपया डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तो उपचार होणारा विकार आहे.

प्रश्न : माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते एकटे राहतात. स्वयंपाकाला बाई येतात, पण वडील पुष्कळदा ते अन्न तसेच ठेवतात आणि चहा-बिस्किटांवर भागवतात. "या वयात भूक कमीच असते," असे म्हणतात. आठ महिन्यांत त्यांचे वजन ६२ वरून ५७ किलोंवर आले आहे. ते मात्र खूश आहेत, कारण रक्तदाब सुधारला. मी काळजी करावी का?

उत्तर : हो, करावी. आतापर्यंतच्या पत्रांत वजन वाढल्याची किंवा वाढण्याच्या भीतीची चर्चा होती, म्हणून तुमचे पत्र मुद्दाम शेवटी घेतले. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले तर डॉक्टरांना दाखवावे, असा संकेत आहे. तुमच्या वडिलांचे वजन ८ टक्के उतरले आहे. हा आठवडा उलटण्याआधी त्यांना घेऊन जा. त्यांची सर्व औषधे बरोबर न्या, कारण काही औषधांनी भूक मरते किंवा चव बदलते, आणि वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळीची मात्राही कदाचित बदलावी लागेल. दातांची, कवळीची आणि गिळताना त्रास होतो का याची तपासणी करून घ्या. चावायला त्रास होणारी माणसे तसे सांगत नाहीत; "भूक नाही" म्हणतात आणि बिस्कीट चहात बुडवतात. उदासपणाबद्दलही डॉक्टरांशी बोला, शक्यतो वडिलांच्या समोर आणि त्यांच्या संमतीने.

वयानुसार भूक आणि तहान दोन्ही मंदावतात हे खरे आहे, पण प्रथिनांची गरज मंदावत नाही. उलट, स्नायू टिकवण्यासाठी वृद्धांनी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे वार्धक्यातील आहाराचे अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. तुमच्या वडिलांसाठी ते ५७ ते ६८ ग्रॅम होते. चार बिस्किटांत जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, एक पेला दुधात ६ ते ७. म्हणून त्यांच्या चहा-बिस्किटांवर हल्ला करू नका. चहा राहू द्या, त्याच्या बाजूला उकडलेले अंडे, दह्याची वाटी किंवा मऊ शिजवलेली डाळ ठेवायला सांगा. भूक कमी असताना मोठे ताट पाहूनच ते टाकावेसे वाटते, तेव्हा तीन जेवणांऐवजी पाच-सहा छोटी खाणी करा. तरुणपणी लागू असलेले कमी तेल, कमी साय हे नियम या वजनाला सध्या बाजूला ठेवता येतील का, तेही डॉक्टरांना विचारा.

आता, पत्रात तुम्ही ओझरते लिहिलेले, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले. बाई स्वयंपाक करून जातात, म्हणजे अन्न आहे. ते खायला सोबत नाही. चाळीसएक वर्षे समोर कोणीतरी बसले असताना जेवलेल्या माणसाला एकट्याने ताट वाढून घेणे किती जड जाते, हे आपल्याला कळत नाही. आठवड्यातून दोन जेवणे तुम्ही, शेजारी किंवा त्यांचे जुने मित्र यांच्यापैकी कोणाबरोबर तरी होतील अशी व्यवस्था करा. तुम्ही दूर राहत असाल तर एका ठरलेल्या वेळी दोघांनी फोन समोर ठेवून जेवायला बसा. त्या वेळी तब्येतीची चौकशी करू नका, इतर गप्पा मारा.

आणि वर सांगितलेली वही इकडेही उपयोगी पडेल, पण ती तुम्ही त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी भरू नका. त्यांनाच विचारा की बाईंनी केलेल्यातले काय आवडते, काय घशाखाली उतरत नाही, आई काय वेगळे करायची. ते सांगतील ते त्यांच्या हाताने त्यांनाच लिहू द्या आणि पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक त्या कागदावरून करायला बाईंना सांगा.